निशाणी कोणाची? पक्ष, आमदार आणि मतदार यांच्याबद्दल नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबर उजाडला की विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागतात, आमदार निवासाला नवा रंग चढतो आणि आमच्या घरी यवतमाळ-गोंदियाकडचे नातेवाईक मुक्कामाला येतात. कोणी मोर्च्यासाठी, कोणी निवेदन घेऊन. रात्री जेवणं आटोपली की अंगणातच प्रश्न सुरू होतात : आमचा आमदार निवडून आला एका पक्षाकडून, बसतो दुसऱ्याच बाकावर, हे चालतं कसं? मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि निवडणुकीची ड्युटीही दर वेळी येतेच, म्हणून लोक मलाच विचारतात. तेच प्रश्न इथे उतरवले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते लक्षात राहील. पक्षांतरबंदी कायद्याने आमदाराला पक्षाच्या दावणीला बांधलं. पण ज्याने बटण दाबलं, त्या मतदाराच्या हातात त्या दाव्याचं एकही टोक दिलं नाही.

मी मत देतो ते उमेदवाराला की पक्षाला?

कायद्याच्या कागदावर उमेदवाराला. मतदान यंत्रावर उमेदवाराचं नाव असतं, फोटो असतो आणि निशाणी असते. पक्षाचं नाव नसतं. यादीत आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, एवढाच काय तो पक्षाचा माग.

लोक मात्र निशाणी बघतात. १९ एप्रिल २०२४ ला माझी ड्युटी हिंगणा तालुक्यातल्या एका शाळेत होती, म्हणजे रामटेक लोकसभा मतदारसंघात. लढत पंजा आणि धनुष्यबाण यांच्यात. दुपारी ऊन तापलेलं असताना एक आजी आल्या. डाव्या बोटाला शाई लावून घेता घेता त्यांनी मला विचारलं, "बाबू, हा धनुष्यबाण कोनाचा हाय? पहिलेचाच हाय का आता दुसऱ्याचा झाला?"

मला उत्तर माहीत होतं. पण त्या टेबलावर बसलेल्या माणसाने उमेदवाराबद्दल एक अक्षर बोलायचं नसतं. मी म्हटलं, "आजी, मशीनवर नाव आहे, फोटो आहे, पाहून घ्या." त्या म्हणाल्या, "फोटो कुठं दिसते मले. निशाणी दिसते." आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. बीप वाजायला बराच वेळ लागला. त्यांनी कोणतं बटण दाबलं ते मला माहीत नाही, माहीत असायलाही नको. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि तो विचारायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

त्याच निवडणुकीतली दुसरी गोष्ट. काँग्रेसने रामटेकची उमेदवारी रश्मी बर्वे यांना दिली होती. जात प्रमाणपत्राच्या वादातून त्यांचा अर्ज बाद झाला आणि पर्यायी उमेदवार म्हणून अर्ज भरलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे ऐन वेळी उमेदवार झाले. प्रचाराला जेमतेम तीन आठवडे उरले होते. ते निवडून आले. माणूस बदलला तरी पंजा जागेवर होता.

एबी फॉर्म, एबी फॉर्म म्हणतात ते काय?

पक्षाची चिठ्ठी. 'ए' फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की तिकीट वाटायचा अधिकार आमच्या अमुक पदाधिकाऱ्याला आहे. 'बी' फॉर्ममध्ये तो पदाधिकारी कळवतो की या जागेवर आमचा उमेदवार हा, आणि याचा अर्ज बाद झाला तर हा दुसरा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत दोन्ही कागद पोचले नाहीत, तर वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचललेला कार्यकर्ताही अपक्ष ठरतो. आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीत शेवटच्या तासाला जी धावपळ, रडारड आणि घोषणाबाजी होते, ती याच दोन कागदांपायी.

नागपूरकर मतदार पक्षाशी एकनिष्ठ आहे का?

पिढीभरापुरता असतो, जन्मभरासाठी नाही. लोकसभेचा इतिहासच बघा. १९६२ मध्ये नागपूरने लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवलं. वेगळ्या विदर्भाचा विषय तेव्हा पक्षाच्या पाटीपेक्षा मोठा होता. १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे इथून फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर जिंकले. देशभर इंदिरा लाट होती, तरी. १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेस झोपली असताना नागपूरने काँग्रेसच निवडली. १९८० मध्ये तेच धोटे पुन्हा निवडून आले, पण या वेळी इंदिरा काँग्रेसकडून.

बनवारीलाल पुरोहित यांचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. १९८४ आणि १९८९ मध्ये ते नागपूरचे काँग्रेसचे खासदार, १९९६ मध्ये त्याच नागपूरचे भाजपचे खासदार. त्यानंतर विलास मुत्तेमवार १९९८ ते २००९ या काळात ओळीने चार वेळा काँग्रेसकडून जिंकले. आणि २०१४, २०१९, २०२४ अशी तीन वेळा नितीन गडकरींनी भाजपकडून बाजी मारली. संघाचं मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या शहराने इतकी वर्षं काँग्रेसचा खासदार दिला, हे बाहेरगावच्या लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही.

म्हणून "अमुक वस्ती म्हणजे अमुक पक्षाची" असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मी त्याला ही यादी दाखवतो. घरची परंपरा, समाज, वॉर्डातला माणूस वेळेला धावून येतो की नाही, नळाला पाणी किती वाजता येतं, या सगळ्याचं मिळून निष्ठेचं रसायन होतं. त्यातली एक गोष्ट उणी झाली तर ते टिकतं. दोन-तीन एकदम उण्या झाल्या की लोक पलटतात.

एक आमदार किती वेळा पक्ष बदलू शकतो?

आकड्याची मर्यादा नाही. पण पदावर असताना पक्ष सोडायचा तर आधी राजीनामा द्यावा लागतो, मग नव्या निशाणीवर पुन्हा मतदारांपुढे जावं लागतं. आपल्या भागात हे सगळ्या दिशांनी झालं आहे. नाना पटोले २०१४ ला भंडारा-गोंदियातून भाजपचे खासदार झाले, २०१७ च्या डिसेंबरात राजीनामा दिला आणि २०१९ ला काँग्रेसकडून नागपुरात गडकरींविरुद्ध लढले. आशिष देशमुख २०१४ ला काटोलचे भाजपचे आमदार. २०१८ ला राजीनामा, २०१९ ला दक्षिण-पश्चिम नागपुरात काँग्रेसचे उमेदवार, पुढे पुन्हा भाजपमध्ये आणि २०२४ ला सावनेरचे आमदार. उमरेडचे काँग्रेस आमदार राजू पारवे यांनी २०२४ ला आमदारकी सोडून धनुष्यबाणावर रामटेकची लोकसभा लढवली आणि हरले.

या तिघांच्या निर्णयांबद्दल तुमचं मत काहीही असो. राजीनामा देऊन लोकांपुढे जाणं आणि बाकावर बसल्या बसल्या बाजू बदलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनामा देणाऱ्याला मतदार पाडू शकतो. बाकावरून सरकणाऱ्याला पाच वर्षं कोणी हात लावू शकत नाही.

व्हीप म्हणजे नेमकं काय?

व्हीप म्हणजे पक्षादेश, आणि तो काढणारा तो प्रतोद. अमुक ठरावावर हजर राहा आणि अमुक बाजूने मत द्या, असा लेखी हुकूम. तो मोडून उलट मत दिलं किंवा गैरहजर राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते.

इथे माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. सरकार टिकणार की पडणार या मतदानाला व्हीप असावा, हे पटतं. नाहीतर रोज सरकार पडेल. पण कुठल्याही साध्या विधेयकावर तो लावायला कायद्याने आडकाठी नाही. संत्रा उत्पादकांच्या प्रश्नावर काटोल-नरखेडचा आमदार स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभा राहू शकत नसेल, तर त्याला तिथल्या लोकांनी निवडून दिलं कशाला? निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की अपात्रतेची तलवार स्वतःहून पक्ष सोडणं आणि विश्वास-अविश्वास ठराव एवढ्यापुरतीच ठेवावी. ती शिफारस कागदावरच राहिली.

मग पक्षांतरबंदी कायदा आणला कशाला?

'आयाराम गयाराम'मुळे. १९६७ मध्ये हरियाणातल्या गयालाल नावाच्या आमदाराने काही दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि देशाला हा शब्दप्रयोग मिळाला. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावी अनुसूची आली. स्वतःहून पक्ष सोडला की अपात्र, व्हीप मोडला की अपात्र. अपक्ष आमदार निवडून आल्यावर एखाद्या पक्षात शिरला तर तोही अपात्र. बाहेरून पाठिंबा दिलेला चालतो. निर्णय सभापती किंवा अध्यक्षांचा.

पण त्याच कायद्यात एक खिडकी उघडी ठेवली होती. पक्षाच्या एक तृतीयांश आमदारांनी मिळून फूट पाडली तर तो गुन्हा नाही. म्हणजे एकट्याने गेलात तर आमदारकी गेली आणि घोळक्याने गेलात तर काही नाही.

ही खिडकी महाराष्ट्राने पहिल्यांदा ठळकपणे पाहिली ती आपल्या नागपुरात. डिसेंबर १९९१, हिवाळी अधिवेशन. शिवसेनेचे ५२ आमदार होते, एक तृतीयांशासाठी १८ लागत. छगन भुजबळ आपला गट घेऊन बाहेर पडले, काही जण लगेच परतलेही, पण अध्यक्षांनी फूट मान्य केली. त्याच महिन्यात नागपुरातच शपथविधी होऊन भुजबळ मंत्री झाले. त्यानंतर मंत्र्यांचा असा शपथविधी इथल्या राजभवनात झाला तो थेट १५ डिसेंबर २०२४ ला.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची खिडकी बंद केली. आता फक्त विलीनीकरणाची मुभा आहे आणि त्यासाठी दोन तृतीयांश आमदार लागतात.

खिडकी बंद झाली, तर २०२२ ला शिवसेना आणि २०२३ ला राष्ट्रवादी फुटली कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे बहुसंख्य आमदारांसह वेगळे झाले, पण "आम्ही फुटलो" असं ते म्हणालेच नाहीत. "आम्ही दुसऱ्या पक्षात विलीन होतो" असंही नाही. त्यांचं म्हणणं होतं, "आम्हीच शिवसेना." २ जुलै २०२३ नंतर अजित पवारांच्या गटानेही तेच म्हटलं : "आम्हीच राष्ट्रवादी." मग प्रश्न पक्षांतराचा उरत नाही, मूळ पक्ष कोण याचा होतो. आणि त्याचं उत्तर दोन वेगळ्या ठिकाणी मिळतं : नाव आणि निशाणी निवडणूक आयोग ठरवतो, १९६८ च्या चिन्हांबाबतच्या आदेशानुसार, आमदारकी राहते की जाते हे विधानसभा अध्यक्ष ठरवतात.

आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ठाकरे गटाकडे मशाल आली. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला मिळालं. शरद पवारांच्या पक्षाला तुतारी फुंकणारा माणूस. मधल्या काळात ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने काही गोष्टी स्पष्ट केल्या. प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच सोपवला. त्या सुनावणीचा काही भाग डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात इथे नागपुरातच चालला. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हाच खरा पक्ष असल्याचा निर्णय दिला आणि दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीतही पुढच्या महिन्यात तसंच झालं.

कोणता गट बरोबर यावर माझ्या घरात दोन मतं आहेत, आणि ती जेवणाच्या ताटावर रोज भेटतात. मला खुपतं ते वेगळंच. या सगळ्या प्रक्रियेत आमदार मोजले, खासदार मोजले, पक्षाची घटना तपासली, पदाधिकाऱ्यांची शपथपत्रं गोळा केली. २०१९ ला त्या निशाणीवर ज्यांनी बटण दाबलं, त्यांना कोणी एका ओळीनेही विचारलं नाही. त्यांना बोलायची संधी आली ती नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या निवडणुकीत. त्यात शिंदेंच्या शिवसेनेला ५७ आणि ठाकरेंच्या पक्षाला २० जागा मिळाल्या, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ आणि शरद पवारांच्या पक्षाला १०. पण तोवर ज्या सरकारबद्दल मत द्यायचं, ते सरकार आपली मुदत पूर्ण करून बसलं होतं.

अध्यक्ष तर एखाद्या पक्षाचेच असतात. त्यांनी निर्णय लांबवला तर?

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच सांगितलं की अध्यक्षांचा निर्णय न्यायालयात तपासता येतो. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात असंही म्हटलं की साधारणपणे तीन महिन्यांत निकाल लावावा. आपल्याकडे दीड वर्ष लागलं. हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावं, असं त्याच निकालात सुचवलं होतं. मला ते शंभर टक्के पटतं, आणि अध्यक्ष कोणत्याही पक्षाचे असले तरी पटेल.

विदर्भाचे ६२ आमदार विदर्भासाठी एकत्र का येत नाहीत?

कारण सभागृहात बाक पक्षाप्रमाणे लावलेले असतात, प्रदेशाप्रमाणे नाही. २८८ पैकी ६२ म्हणजे थोडेथोडके नव्हेत. विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून १९५३ चा नागपूर करार झाला, १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, भाजपने १९९७ ला भुवनेश्वरमध्ये वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. त्याच भाजपची युती तेव्हा अखंड महाराष्ट्रवाल्या शिवसेनेशी होती. काँग्रेसमध्येही इकडचे नेते एक बोलत आणि तिकडचे दुसरं. तिकीट मुंबई-दिल्लीहून येतं, व्हीप प्रतोद काढतो. मग आमदार भाषणात वैदर्भीय असतो आणि मतदानात पक्षाचा. कापसावर, सिंचनाच्या अनुशेषावर चर्चा बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात ढकलली जाते, तेव्हा निम्मे बाक रिकामे आणि बाहेर गाड्या सुरू झालेल्या. मोर्चा घेऊन आलेल्या माणसाला आत जे चाललं आहे ते दिसत नाही, हे एका अर्थी बरंच.

राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत मतं फुटतात, तेव्हा कारवाई का होत नाही?

तिथे व्हीप लागू होत नाही, कारण ते सभागृहाचं कामकाज नव्हे. राज्यसभेसाठी मतदान खुलं असतं : आमदाराने आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवायची, दुसऱ्या कोणाला दाखवली तर मत बाद. जून २०२२ ला शिवसेनेच्या एका आमदाराचं मत असंच बाद झालं. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांचं मतदान गुप्त असतं, म्हणून मतं तिथे जास्त फुटतात आणि कोणाची फुटली ते सिद्ध करणं अवघड.

ग्रामपंचायतीत पक्ष का नसतो?

त्या निवडणुका पक्षाच्या निशाणीवर होत नाहीत. पॅनल असतं, कपबशी-शिलाई मशीनसारखी चिन्हं असतात. निकालाच्या संध्याकाळी मात्र प्रत्येक पक्ष "आमचे इतके सरपंच" म्हणून आकडा देतो. तो आकडा मनावर घेऊ नका.

निशाणी हरवली तर मतदारही हरवतो का?

दर वेळी नाही. उत्तर नागपुरात, इंदोऱ्याकडे जाऊन हत्तीबद्दल विचारा. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची निशाणी हत्ती होती. पुढे रिपब्लिकन पक्ष झाला, त्याचे गट पडले, आणि हत्ती शेवटी बसपाकडे गेला. २०१७ च्या महापालिकेत भाजपचे १०८ आणि काँग्रेसचे २९ नगरसेवक आले, त्यात बसपाचे १० होते. जुनी माणसं अजून सांगतात, "आमी हत्तीलेच देतो, बाबासाहेबांपासून." पक्ष कोणता, अध्यक्ष कोण, हे त्यांना ठाऊक असतं, पण हत्ती त्या सगळ्याच्या आधीचा आहे. रिपब्लिकन गटांच्या फुटीने या लोकांना किती दुखावलं, ते दीक्षाभूमीच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही साठीच्या माणसाला विचारा. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघेही खुल्या जागांवरून लोकसभेत गेले होते. लोक अजून ते वर्ष सांगतात, कारण तेव्हा चौघे एकत्र होते.

पक्षच नको, असं कुठे आहे का?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात. १९३७ पासून तिथलं विधिमंडळ एकाच सभागृहाचं आहे आणि आमदाराच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापत नाहीत. अभ्यासकांनी शेजारच्या कॅन्ससशी तुलना केली, तेव्हा दिसलं की कॅन्ससमध्ये आमदारांची मतं पक्षाप्रमाणे सरळ विभागतात आणि नेब्रास्कात विखुरतात. ऐकायला छान वाटतं. पण पाटी काढली की सामान्य मतदाराला माणूस ओळखायचा आधारही जातो. हिंगण्याच्या त्या आजींपुढे नुसती नावं ठेवली असती, तर त्यांनी काय केलं असतं? मला पक्ष हवा आहे. निशाणीही हवी आहे. ती लोकांना न विचारता हातोहात फिरू नये, एवढंच.

मतदार म्हणून मी अधिवेशनात काय करू शकतो?

आमदाराला भेटा, आणि नुसतं निवेदन देऊन फोटो काढून परत येऊ नका. दोन साधे प्रश्न विचारा : या अधिवेशनात आमच्या भागाबद्दल तुम्ही कोणता प्रश्न किंवा लक्षवेधी लावली? आणि पक्षाचं मत आमच्या विरोधात गेलं तेव्हा पक्षाच्या बैठकीत तुम्ही काय बोललात? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक आमदार गडबडतात, कारण तो त्यांना कोणी विचारत नाही.

प्रेक्षक गॅलरीचा पास आमदाराच्या शिफारशीने मिळतो. आधार कार्ड सोबत ठेवा, मोबाइल बाहेर जमा करावा लागतो, आणि सकाळी लवकर निघा. मोर्च्यांमुळे सीताबर्डीपासूनच रस्ते वळवलेले असतात.